सोलापूरच्या कारखानदाराने समुद्रासाठी पैसे द्यायचे, तर कसे?

जुन्या व्यापारी पेढ्यांच्या खतावणीत ‘धर्मादाय’ नावाचं एक पान असायचं. बिलावर गाठीमागे किंवा शेकड्यामागे थोडे पैसे धर्मादाय म्हणून लावायचे, ते वेगळे जमा करायचे आणि त्यातून पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ चालवायचे, अशी रीत होती. हाथरसची बिजली कॉटन मिल सुताच्या बिलावर असाच धर्मादाय घेत असे. आयकर खातं म्हणालं, हे तुमचं उत्पन्न आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने सांगितलं की ही रक्कम घेतानाच धर्मादायाची होती, गिरणीची ती कधी नव्हतीच. दान म्हणजे वर्षाअखेरीला उरलंसुरलं देणं नव्हे, ते आधीच बाजूला काढून ठेवायचं असतं, ही समज सूत-कापडाच्या धंद्यात जुनीच आहे. समुद्रासाठी द्यायचं तरी सुरुवात याच पानापासून करावी.

पण सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध काय? महाराष्ट्राचा किनारा म्हटला की कोकण आठवतं. सोलापूरचं पाणी मात्र कोकणाकडे पाठ करून वाहतं. सीना हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते, भीमा पुढे रायचूर जिल्ह्यात कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे आपल्या नाल्यातलं पाणी शेवटी पूर्व किनाऱ्यावरच्या खारफुटीत पोचतं. इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ‘सोलापुरात टाकलेली पिशवी थेट समुद्रात जाते’ हे वाक्य भाषणात चांगलं वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. वाटेत जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. बराचसा कचरा काठाला, झुडपांत आणि धरणांच्या गाळात अडकतो. पाण्यात विरघळलेलं मीठ, रंग आणि सांडपाण्यातली पोषकद्रव्यं मात्र तशी अडकून पडत नाहीत.

म्हणून पहिला मुद्दा असा की रंगाईघराच्या पाण्यावर प्रक्रिया करणं हे दान नाही. सुती माल रिॲक्टिव्ह रंगात रंगवताना मीठ भरपूर लागतं आणि न चढलेला रंग धुलाईच्या पाण्यात उतरतो. ते पाणी नियमाप्रमाणे शुद्ध करणं ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे. वेष्टनाच्या प्लास्टिकबाबत जे नियम तुम्हाला लागू असतील, त्यांचंही तसंच. हा खर्च ‘समुद्रासाठी आम्ही काय केलं’ या यादीत घालू नये. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या सक्तीच्या खर्चाचे नियमही नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआर म्हणून धरत नाहीत. आपलं गटार आधी, देणगी नंतर.

कोणत्या खात्यातून द्यायचे

सीएसआर फक्त कंपन्यांना लागू होतो. सोलापुरातले बरेचसे टॉवेल-चादरवाले मालकीच्या किंवा भागीदारीच्या फर्ममधून धंदा करतात. त्यांना सीएसआरची सक्ती नाही. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ पाहायचं. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी कलम लागू होतं. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. समजा तीन वर्षांचा नफा ३ कोटी, ४ कोटी आणि साडेपाच कोटी आहे. सरासरी आली सुमारे ४ कोटी १७ लाख, आणि २ टक्के म्हणजे साधारण ८ लाख ३३ हजार. ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेऊ शकतं.

समुद्राचं काम यात बसतं का? बसतं. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरणाचा समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण आणि पाण्याची गुणवत्ता हे विषय आहेत. मात्र कलमात ‘कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं’ असंही म्हटलं आहे. म्हणून सगळी रक्कम रत्नागिरीला पाठवण्याऐवजी तिचे दोन भाग करावेत, एक इथल्या नाल्या-नदीसाठी आणि एक किनाऱ्यासाठी. असा निर्णय मंडळाच्या ठरावात कारणासह लिहिता येतो आणि पुढे कुणी विचारलं तर तो टिकतो.

फर्मसाठी ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणाऱ्या वजावटीची वाट आहे. साध्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम, एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते. भागीदारी फर्मने १ लाख दिले, तर ५० हजार वजा होतात. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला तर १५,६०० रुपये वाचतात. म्हणजे खिशातून खरे जातात ८४,४००. अनेकांची समजूत ‘अर्धे पैसे परत मिळतात’ अशी असते. तसं नाही. २ हजारांवरची रोख देणगी यात धरत नाहीत, वस्तूरूपाने दिलेली देणगीही नाही. २२ टक्के दराची सवलत घेतलेल्या कंपनीला आणि नवी कररचना निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळत नाही. संस्थेची नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावर जे प्रमाणपत्र तयार होतं, आजवर ज्याला १०बीई म्हणत आलो, ते हातात यायला हवं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा सीएकडे जाताना जुना आकडा धरून बसू नका.

‘आमच्या प्रत्येक टॉवेलमागे १ रुपया समुद्राला’ ही तिसरी वाट. ही सगळ्यांत आकर्षक आहे आणि चुकाही सगळ्यांत जास्त इथेच होतात. गिऱ्हाइकाकडून बिलावर वेगळा रुपया घेऊ नका. आजच्या जीएसटीच्या काळात त्या रुपयावर कर लागेल का, हा प्रश्न उभा राहतो. आपल्या किमतीतून, आपल्या नफ्यातून द्या. लेबलवर ‘नफ्याचा काही भाग’ असं लिहू नका. रक्कम, मुदत आणि संस्था नेमकी लिहा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत विकलेल्या प्रत्येक नगामागे १ रुपया, अमुक कामासाठी. कमीत कमी किती देणार तेही ठरवा, म्हणजे माल कमी खपला तरी किनाऱ्यावरच्या माणसाचा पगार अडत नाही. ‘समुद्रस्नेही टॉवेल’ असला शब्द तर टाळाच. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पर्यावरणाचा दावा करायचा असेल तर तो पुराव्याने दाखवता आला पाहिजे. संस्थेला १ रुपया दिला म्हणून टॉवेल स्वतः समुद्राला कमी अपायकारक होत नाही.

जगभरात २००२ पासून ‘वार्षिक विक्रीच्या १ टक्का’ पर्यावरणाला देण्याची एक चळवळ चालते. कल्पना चांगली आहे, पण विक्रीच्या १ टक्का आणि नफ्याच्या १ टक्का यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४ कोटींच्या विक्रीवर ५ टक्के सुटत असतील तर नफा २० लाख. विक्रीचा १ टक्का म्हणजे ४ लाख, थेट नफ्याचा पाचवा हिस्सा. सूत महागलं की पहिली कात्री इथेच लागते. सुताचा भाव आठवड्याला हलतो त्या धंद्याने ठरावीक रक्कम तीन वर्षं देण्याचं वचन द्यावं, टक्क्याचं नको. वर्षाला ६० हजार असले तरी चालतील, पण ते चुकायला नकोत.

पैसे नेमके कशाला लागतात

इथे एक काम जवळून पाहू, म्हणजे तीन वर्षांचा आग्रह का ते कळेल. कोकणच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमाराला हे काम सुरू केलं. पुढे गावकरी आणि वन विभाग त्यात उतरले आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतही ते पसरलं.

काम असं चालतं. मादी रात्री वर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल, तळाशी फुगीर असा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. पहाटे किनारा चालणाऱ्या माणसाला तिच्या पायांचे ठसे दिसतात. ठसे संपतात तिथे तो वाळू चाचपतो. जिथे वाळू सैल लागते तिथे घरटं असतं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. ती एकेक करून, न फिरवता, घरट्यातल्याच थोड्या वाळूसह टोपलीत घ्यायची आणि कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तेवढाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून पुन्हा ठेवायची. वर तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी. हे सगळं काही तासांत उरकावं लागतं. अंडं घातल्यानंतर थोड्याच तासांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी नासकी अंडी निघतात तेव्हाच ते समजतं.

पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे मार्चमधल्या शेवटच्या घरट्याची राखण मे महिन्यापर्यंत चालते. कुत्री, कोल्हे, रानडुकरं यांच्यापासून तेवढे दिवस जपायचं. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ पाहायचं.

आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. कंपन्यांची देणगी बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ताळेबंद बंद व्हायच्या घाईत सुटते. किनाऱ्यावर चालणारा माणूस नोव्हेंबरपासून लागतो. पैसे मार्चला मिळाले तर तोवर त्याने बिनपगारी चालायचं किंवा दुसरी मजुरी धरायची. एक पहाट चुकली की त्या रात्रीची घरटी कुत्र्यांची. म्हणून करारात पहिला हप्ता ऑक्टोबरच्या आत जाईल असं लिहा. नोव्हेंबर ते मे असे सात महिने, एका माणसाला महिना १२ हजार धरले तर ८४ हजार होतात. जाळी, बांबू, टॉर्च, वह्या यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. गंमत अशी की देणगीदारांना जाळी आणि फलक द्यायला आवडतं, पगार द्यायला आवडत नाही. इथे गरज नेमकी पगाराची आहे. संस्थेला विचारा, ‘सरकारकडून मिळणाऱ्या मानधनानंतर कोणता खर्च उघडा राहतो?’ तो उचला.

कंपनीच्या पैशाचा आणखी एक वापर गुजरातमध्ये दिसला. तिथल्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारला जायचा. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कागदावरच्या संरक्षणाने जाळ्यात सापडलेला मासा सुटत नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने टाटा केमिकल्स आणि गुजरात वन विभागासोबत मोहीम काढली. कथाकार मोरारी बापूंनी सांगितलं की हा ‘व्हाली’ (लाडकी) मासा म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, आणि कोळ्यांनी ते मनावर घेतलं. पण नुसत्या भावनेवर काम भागलं नसतं. जाळं कापून मासा सोडला की कोळ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. एखाद्याच्या पोटावर पाय न देता प्राणी वाचवायचा असेल तर पैसा बरोबर याच जागी लागतो.

खारफुटीबाबत मात्र हात आखडता घ्या, निदान ‘१० हजार रोपं लावली’ या प्रकाराबाबत. खारफुटीचं झाड भरती-ओहोटीच्या ठरावीक पट्ट्यातच जगतं. त्याच्या खाली, सतत पाण्यात राहणाऱ्या चिखलात कांदळाच्या शेंगा खोचल्या तर रांगा फोटोत छान दिसतात आणि वर्षभरात झोपतात. श्रीलंकेत त्सुनामीनंतर अशी मोठी लागवड झाली. पुढे तपासलं तेव्हा कित्येक ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. जिथे बांध घालून खाडीचं पाणी अडलंय तिथे बांध मोकळा करून भरतीचं पाणी आत आणलं तर खारफुटी बऱ्याचदा आपल्या आपण उगवते. त्यासाठी लागणारा पैसा सर्वेक्षणात आणि मातीकामात जातो, त्याचा फोटो चांगला येत नाही. रोपांना पैसे द्यायचेच असतील तर लावलेली संख्या विचारू नका, तिसऱ्या वर्षी जिवंत असलेली विचारा. शिवाय वन विभागाला बाजूला ठेवून कुणीही खारफुटीत काम करू शकत नाही. राज्यात २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे आणि त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आहे. त्यांच्यामार्फत जाणं सुरक्षित.

माल द्यायचा तर

सोलापूरच्या धंद्याकडे देण्यासारखी एक वस्तू आहेच. जाळ्यात अडकून जखमी झालेलं कासव किनाऱ्यावर मिळालं की त्याला सावलीत ठेवतात आणि पाठीवर ओला टॉवेल टाकतात. नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, बाकी अंग ओलसर राखायचं. पालघर जिल्ह्यात डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. या कामाला जाड टेरी टॉवेल उत्तम, कारण तो पाणी धरून ठेवतो. विणीतल्या दोषामुळे बाजूला पडलेला सेकंडचा माल चालतो. मात्र काठाचे लोंबते धागे कापून द्या, नाहीतर ते प्राण्याच्या जखमेत गुंततात. कच्चा रंग नको, पांढरा बरा, रक्त दिसतं. आधी फोन करून किती हवेत ते विचारा. न मागता गेलेले दोनशे टॉवेल कुणाच्या तरी खोलीत कुबट होत पडतात. आणि हिशोबात लक्षात ठेवा की फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागतं आणि ८०जी मिळत नाही. तरीही द्या, फक्त ‘यातून कर वाचेल’ असं धरून देऊ नका.

संस्था कशी तपासायची

कागद मागायला संकोच करू नका. चांगली संस्था ते एका दिवसात पाठवते: न्यासाची नोंदणी, १२ए (संस्थेची आयकरातली नोंदणी) आणि ८०जी चे आदेश, सीएसआर असेल तर सीएसआर-१ चा, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब. सीएसआर-१ नसलेल्या संस्थेमार्फत केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, आणि हे नेमकं ३१ मार्चला लक्षात येतं. याहून महत्त्वाचा कागद म्हणजे वन विभागाची परवानगी. समुद्री कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवानगीशिवाय अंडी हलवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

मग आकडे. ‘५ हजार पिल्लं सोडली’ हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. किती घरटी मिळाली, किती अंडी ठेवली, किती पिल्लं निघाली, हे तिन्ही हवेत. शेकडा प्रमाण अचानक घसरलं तर का, हे संस्थेने सांगावं. अंडी उशिरा हलवली का, सावलीअभावी वाळू तापली का, भरतीचं पाणी कुंपणात शिरलं का? वाईट वर्षाचा आकडाही जशाचा तसा देणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी जास्त द्या. किनारा स्वच्छतेला पैसे देत असाल तर दोन प्रश्न विचारा. वजन ओल्या वाळूसकट केलं की झटकून? आणि गोळा केलेला कचरा शेवटी गेला कुठे? किनाऱ्यामागच्या खड्ड्यात टाकला असेल तर पहिल्या पावसात तो परत येतो. ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो आणि त्या दिवशी स्वच्छतेचे कार्यक्रम ठरतात. कोकणात तेव्हा पावसाळा तोंडावर असतो आणि समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, कोळी बांधव जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. त्या दिवसांत टाकाऊ नायलॉन जाळी त्यांच्याकडून गोळा करण्याचं काम जास्त उपयोगी पडतं.

पैसे हप्त्याने द्या: हंगामाआधी निम्मे, मध्यावर ३० टक्के, हिशोब आल्यावर उरलेले. फलकाबद्दल एक बारीक गोष्ट. ‘अमुक यांच्याकडून वडिलांच्या स्मरणार्थ’ एवढंच लिहिलं तर ती देणगी राहते. त्याच फलकावर ब्रँड, दुकानाचा पत्ता आणि मालाची जाहिरात आली तर संस्थेने तुम्हाला जाहिरातीची सेवा दिली असं धरून जीएसटी लागू शकतो. २०१९ च्या जीएसटी परिपत्रकात हा फरक स्पष्ट केला आहे.

आणि इथल्या नाल्या-नदीसाठी ठेवलेला भाग? नाल्यावर कचरा अडवणारा तरंगता, जाळीचा अडसर बसवायचा झाला तर महापालिकेची लेखी संमती घ्या. अडसराची किंमत एकदाच द्यायची असते, पण तो रिकामा करणाऱ्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि अंदाजपत्रकात बहुधा तोच विसरला जातो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वर्षभराचा कचरा एका रात्रीत येतो. पिशव्या, जलपर्णी, कापडाच्या चिंध्या यांनी जाळी तुंबली की पाणी वस्तीत शिरतं. म्हणून एका टोकाची कडी ठरावीक ताणाला सुटेल अशी ठेवतात. पुरात अडसर दारासारखा उघडतो, दुसऱ्या टोकाला बांधलेला राहतो आणि पाणी उतरलं की पुन्हा जोडता येतो. कडी सुटली तर तो कुणी जोडायचा, त्या माणसाचं नाव करारात आधीच लिहून ठेवा.